यशोधराच्या नावावर

“हे काय आहे? इस्त्री?” कुलथे साहेबांनी खिडकीतून विचारलं.

“नाही सर. गेमचं आहे. कन्सोल.”

“मग ते घेऊन बाजूला व्हा. इथे कामाची माणसं येतात.”

माझ्या मागे रांगेत कुणीच नव्हतं. मी बाजूला झाले नाही. विद्यापीठाच्या संगणक विभागाची ती खिडकी माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. त्यातून बोलायचं तर मान वाकवावी लागायची, त्यामुळे माणूस आपोआपच विनवण्या केल्यासारखा दिसायचा.

“सर, हॉस्टेलच्या वायफायला हे जोडलं जात नाही. फोनवर ते नाव-पासवर्डचं पान उघडतं ना, तसं यावर उघडतच नाही. यंत्राचा मागचा नंबर तुम्ही माझ्या नावावर टाकलात तर होईल.”

“ते मला शिकवू नका.” त्यांनी पडद्यावर माझं नाव काढलं. “देवयानी शितोळे. फोन एक, लॅपटॉप एक. झाले दोन. एका मुलीला दोनच.”

“मुलांच्या हॉस्टेलला तर हॉलमध्ये लावून दिलंय.”

“त्यांच्या रेक्टरांनी मागितलं, दिलं. तुमच्या पानसे मॅडमना सांगा मागायला.” हे म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. “नाहीतर लॅपटॉप काढा आणि हे घाला.”

“लॅपटॉप नाही काढता येणार.”

“मग हेही नाही घालता येणार.” ते खिडकी लावायला उठले, आणि जाता जाता त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “तुमच्या खोलीत ती खिल्लारे आहे ना? तिच्या नावावर नुसता फोन आहे. एक जागा रिकामी. आणा तिला सहीला.”

ती येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. मेसच्या जेवणावरून तिने कुलसचिवांच्या दारात मुली बसवल्या होत्या तेव्हापासून यशोधरा खिल्लारेला विद्यापीठात सगळे ओळखत. आणि ती माझ्याशी बोलत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं.

ती हिंगोलीकडची, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या दिवशी माझ्या ट्रंकेवरचं नाव तिने मोठ्यांदा वाचलं होतं. “शितोळे. म्हणजे कारखानेवाले?” चेअरमन माझे काका लागतात, असं मी म्हणाले. “मग इथं कशाला आलीस? बंगले संपले का?” त्यानंतर आमच्यात खोलीची वाटणी झाली. तिची भिंत, माझी भिंत. मधली खिडकी एक होती. ती जिने आधी उघडली तिची.

त्या संध्याकाळी मी तिच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिले आणि काय हवंय ते सांगितलं.

“तुझ्या खेळण्याला माझं नाव?” तिने पुस्तकातून मान वर केली नाही. “उद्या त्याच्यावरून काही झालं की पकडायला मला येतील. तुझ्या काकाला नाही.”

“काही होणार नाही. मोटारींचा खेळ आहे.”

“तुझ्या फोनवरचं नेट लाव की.”

“त्याच्यावर गाडी जागची हलत नाही. आणि फोनचं बिल दादाकडे जातं.”

“मग लॅपटॉप काढ.”

“लॅपटॉपवर रोज आठ वाजता दादाचा व्हिडिओ कॉल येतो. त्याला मी आणि खोली, दोन्ही दिसावी लागतात.”

आता तिने वर पाहिलं. कीव आली असेल असं मला वाटलं, पण तसं काही नव्हतं. “केवढ्या श्रीमंतीत राहता तुम्ही,” ती म्हणाली.

मी शेवटचा डाव टाकला. “आठचा कॉल झाला की रात्रभर लॅपटॉप तू वापर. तुझं प्रोजेक्ट आहे ना? लॅब पाचला बंद होते.”

तिला माझ्याकडून काहीही नको होतं, पण मार्गदर्शकांनी आकडेमोड महिनाअखेर मागितली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या पुढे चार पावलं चालत खिडकीपाशी आली आणि तिने सही केली. कुलथे साहेब आ वासून बघत राहिले.

परत येताना ती म्हणाली, “यादी माझ्या फोनवर दिसते. भलतंसलतं काही केलंस तर तिथनंच काढून टाकीन. विचारायला येणार नाही.”

कन्सोल आमच्या घरचाच, जुना. दादाने हौसेने घेतला आणि दोन वर्षांत सोडून दिला. दिवाळीला मी तो मागितला तेव्हा तो खूश झाला. “घेऊन जा. बाहेर भटकण्यापेक्षा खोलीत बसशील.” सोबत एक छोटा टीव्हीही दिला.

रोज सहाच्या सुमाराला मी कानाला हेडफोन लावून बसायची. त्या खेळात डोंगरातून जाणारा एक रस्ता होता आणि खाली तळं. जगभरची माणसं तिथे गाड्या पळवत. माझी गाडी मात्र तळ्याच्या काठाला थांबलेली असे, आणि थोड्या वेळाने तिच्या शेजारी एक पिवळी गाडी येऊन थांबे. त्या गाडीवर नाव असायचं: बुलबुल. मागून येणारे हॉर्न वाजवत, कुणी मुद्दाम धडकही देई. आम्ही हलायचो नाही. मी हळू आवाजात बोलायची, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या खोलीत तृप्ती बर्गे होती, आमच्याच तालुक्यातली. तिच्या कानांचा मला भरवसा नव्हता. यशोधरा त्या वेळी वाचनालयात असायची.

आठला लॅपटॉपवर दादा. “काय गं, जिंकलीस का हरलीस?”

“हरले.”

“तुझ्याच्यानं काय होणार. जरा मागे हो, खोली दिसू दे.”

असं काही आठवडे चाललं. मग एकदा वाचनालयात वीज गेली आणि यशोधरा लवकर परत आली. मी भिंतीकडे तोंड करून होते, कानांवर हेडफोन. ती आल्याचं मला कळलंच नाही. खेळ संपवून वळले तर ती दाराला पाठ लावून उभी.

“सुमेध कोण?”

मी हेडफोन काढून कॉटवर ठेवले. “कोण सुमेध?”

“आत्ता म्हणालीस. सुमेध, खोकला गेला का. सुमेध, औषध घेत जा.”

“खेळातला आहे कुणीतरी.”

“खेळातल्या माणसाचा खोकला विचारायलीस?” ती दोन पावलं पुढे आली. “नावावरनं कळतं मला. आमच्यातला आहे ना?”

बोलण्यासारखं एकच होतं आणि ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिला तर नाहीच.

“तुझ्या घरी माहीत आहे?”

“नाही.”

“मजा आहे तुझी.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि मला त्याचीच भीती वाटली. “कळल्यावर तुझं काय होणार? वर्षभर घरात कोंडतील, मग थाटात लग्न लावून देतील. त्याचं काय होईल, ते आलं का कधी तुझ्या डोक्यात? आमच्या शेजारच्या गावात असंच एक पोरगं होतं. विहिरीत सापडलं. पोहता येत नव्हतं, असं लिहून घेतलं सगळ्यांकडनं. त्याच विहिरीत त्यानं आम्हाला पोहायला शिकवलं होतं. मला, माझ्या भावाला, सगळ्या गल्लीला.”

“यशोधरा, तू समजतेस तसं नाहीये.”

“मग कसं आहे? सांग.”

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

“माझ्या नावावर हे चालणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बंद कर. नाहीतर पुढचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेल्यावर शिपाईबाई वर आल्या. पानसे मॅडमनी खाली बोलावलंय, आणि ते गेमचं सामान घेऊन यायला सांगितलंय. यशोधरा खोलीत नव्हती. मी मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाली होती, तेवढंही थांबली नाही.

भेटायला येणाऱ्यांच्या हॉलमध्ये दादा बसला होता. दिग्विजय शितोळे, पांढरा कडक शर्ट, मांडीवर गाडीची किल्ली. बाहेर गुलमोहराखाली जीप उभी होती आणि तिला टेकून त्याची दोन माणसं. त्या दोघांना पाहिलं आणि मला कळलं, तो नुसता रागवायला आलेला नाही.

“कोण आहे तो?” त्याने विचारलं.

“कोण तो?”

“ज्याच्याशी रोज गुलूगुलू बोलतेस तो.”

पानसे मॅडम म्हणाल्या, “मिस शितोळे, हे मुलींचं वसतिगृह आहे. वायफाय अभ्यासासाठी दिलंय. तुमच्या भावाला इतक्या लांबून यावं लागलं, तुम्हाला काही वाटतं का?”

“मॅडम, तुम्ही बसा,” दादा म्हणाला. “तिला विचारून ती सांगणार नाही. आपण त्यालाच विचारू. सहाला येतो ना तो?”

त्याने मालिका बघत बसलेल्या मुलींना उठवलं आणि स्वतः हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला कन्सोल जोडला. मी हेडफोन धरून उभी होते. त्याने ते माझ्या हातातून काढून बाजूला ठेवले. “हे नको. टीव्हीतनं आवाज येऊ दे. सगळेच ऐकू.”

दारात मुली गोळा झाल्या होत्या. तृप्ती बर्गे फरशीकडे बघत होती. तिच्या मागे, जिन्याच्या पायरीवर, यशोधरा उभी होती. हातात फोन, नजर माझ्यावर.

टीव्हीवर डोंगर आला, रस्ता आला. दादा खुर्ची पुढे ओढून बसला.

आणि मला काय होणार ते दिसत होतं. तळ्याकाठी पिवळी गाडी येऊन थांबणार. आणि त्या भरल्या हॉलमध्ये, जुन्या टीव्हीच्या खरखरीतून, माझ्या बहिणीचा आवाज येणार: “देवू, आलीस का गं?”

संयोगिताताईला घर सोडून वर्ष झालं होतं. सुमेधशी तिने रजिस्टर लग्न केलं. त्यानंतर आईला तिने एकदाच, फक्त एकदाच, फोन केला होता. दादाने त्या नंबरावरून गाव शोधलं, गल्ली शोधली, आणि बाहेर जीपला टेकलेल्या त्याच दोघांना घेऊन गेला. ताई आणि सुमेध आदल्या रात्रीच तिथून निघाले होते. रिकाम्या घराचं दार कसं तोडलं, हे दादाने परत आल्यावर जेवताना सांगितलं होतं, वर भात मागून घेत. आई वाढत होती.

तेव्हापासून ताईने फोनला हात लावला नाही, कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. दिवाळीत मी एकटीच घरी असताना सहज तो जुना कन्सोल लावला आणि पडद्यावर नाव आलं: बुलबुल. लहानपणी ताईनेच आम्हा दोघींची खेळातली खाती काढली होती; बुलबुल तिचं. माझा पासवर्डही तिलाच ठाऊक; मी त्या एका यंत्रावरूनच आत जाऊ शकत होते. “बोललेलं हवेत जातं, देवू,” ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. “लिहिलेलं सापडतं.” कुठे राहते ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पडद्यावर छोटं चक्र फिरत होतं. फिरत राहिलं. मग पाटी आली: नेटवर्कशी जोडता येत नाही.

दादाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

“मॅडम, तुमचं नेट बंद आहे का?”

पानसे मॅडमनी कुलथे साहेबांना फोन लावला. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ते म्हणतात, हे यंत्र आता कुणाच्याच नावावर नाही. कुणीतरी काढून टाकलंय.”

दादा माझ्याकडे बघून हसला. “हुशार झालीस.” तो उठून वायर गुंडाळायला लागला. “काही हरकत नाही. आपल्या घरी नेट आहे. घरी लावतो, रोज सहाला मीच बसतो. बघू किती दिवस येत नाही ते.”

त्याने कन्सोल काखेत धरला होता. मी तो ओढला.

“सोड.”

“माझं आहे ते,” मी म्हणाले.

“तुझं काय आहे यात?”

त्याला मी कधी उलटून बोललेच नव्हते, म्हणून त्याची पकड ढिली होती. कन्सोल माझ्या हातात आला. मी व्हरांड्यात धावले आणि तो डोक्यावर उचलून शहाबादी पायरीच्या कडेवर आपटला. नुसती चीर गेली. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा आतलं सगळं बाहेर आलं, हिरव्या पट्ट्या, तारा, चकती. मी चप्पल घातलेल्या पायाने ते चिरडत राहिले. ताईपर्यंत जायची तेवढी एकच वाट मला ठाऊक होती.

दादाने माझ्या थोबाडीत मारली. मी पायरीवर पडले.

“अहो, इथे नको!” पानसे मॅडम ओरडल्या. “सगळ्या मुली बघतायत!”

“चल गाडीत. शिक्षण बास झालं तुझं.”

त्याने माझं मनगट धरलं. जीपजवळची माणसं सरळ उभी राहिली. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

“मॅडम, वडिलांच्या सहीशिवाय मुलीला मुक्कामाला सोडता येत नाही. नियम तुमचाच आहे. मागच्या महिन्यात माझी आजी वारली तेव्हा तुम्ही मला ह्याच नियमावर सकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं.”

पानसे मॅडम गोंधळल्या. मग मेसवरचं ते आंदोलन त्यांना आठवलं असावं. “हो... म्हणजे, शितोळे साहेब, सही लागेल. आज नाही नेता यायचं.”

दादाने वर पाहिलं. “ही कोण?”

“खिल्लारे,” यशोधरा म्हणाली. नुसतं आडनाव, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनेही नजर हलवली नाही. शेवटी त्याने माझं मनगट सोडलं. “आबांना घेऊन येतो,” म्हणाला आणि गेला.

वर खोलीत आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. “तू कळवलंस ना त्याला? आता झालं समाधान?”

“मी? मी शितोळ्याला फोन करणार?” ती थुंकल्यासारखी बोलली. “तुझ्या त्या तृप्तीला विचार. तुझ्यावर नजर ठेवायला तुझ्या भावानंच सांगितलंय तिला.”

“मग नेट?”

“ते मी काढलं. जिन्यात उभी राहून. पण तुझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी मी काडी हलवणार नाही. त्या पोराचा जीव जाऊ नये म्हणून काढलं.”

गाल सुजला होता, बोलताना दुखत होतं. “तो पोरगा माझ्या ताईचा नवरा आहे,” मी म्हणाले.

यशोधरा कॉटवर बसली. तिने विचारलं, “सहाला ती यायची?”

“हो. कधीमधी तोही बोलायचा.”

“आणि आता?”

“आता कशी येईल? फोडलं ना मी. तिला वाटेल, मीच यायचं सोडलं.”

तिने माझं सांत्वन केलं नाही. सुमेधचं पूर्ण नाव विचारलं. गाव कुठलं, शिकला कुठे, वडील काय करतात. मला माहीत होतं तेवढं सगळं मी सांगितलं.

आबा काही आले नाहीत. कारखान्याच्या निवडणुका लागल्या होत्या, पोरीवरून बोभाटा नको होता. माझ्यासाठी स्थळं बघायला मात्र सुरुवात झाली. परीक्षेआधीच्या सुट्टीत यशोधरा घरी गेली, आणि परतल्यावर दोरीवरचे कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरी आहे ती. पोटुशी आहे. यंत्राचं काय झालं ते तिला कळलंय.”

मी धावत तिच्यापाशी गेले. “कुठे आहे? तू भेटलीस?”

“मी नाही. आमची माणसं भेटली.”

“पत्ता सांग.”

“नाही सांगणार.”

“मी बहीण आहे तिची!”

“तू शितोळे आहेस.” तिने घडी घातलेली चादर खांद्यावर टाकली. “उद्या तुला मारून विचारलं तर तू सांगशील. मला मारलं तरी मी सांगणार नाही.”

मी तिला वाट्टेल ते बोलले. तिची जात सोडून सगळं काढलं, आणि तीही ओठापर्यंत आली होती, हे तिला दिसलं. ती शांतपणे आत गेली. त्या आठवड्यात तिने खोली बदलून घेतली.

पदवी हातात पडली तशी मी स्पर्धा परीक्षा देऊन लांबची नोकरी घेतली आणि घर सोडलं. दादाने शोधलं नाही; दोन पोरी गेल्या हे गावाला सांगण्यापेक्षा धाकटी नोकरीला आहे हे सांगणं त्याला सोयीचं होतं. पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर घर झालं तेव्हा मी यशोधराला शोधून काढलं. ती परभणीला कॉलेजात शिकवत होती. तिला एवढंच लिहिलं: “हा माझा पत्ता. तिला पोचव. तिचा मला नको.”

उत्तर आलं नाही. मी वाट बघणंही सोडून दिलं होतं. आणि एका रविवारी दुपारी दार वाजलं. मी कडीला हात घातला तेवढ्यात बाहेरून दबका आवाज आला.

“एकटीच आहेस ना?”

“एकटीच आहे, ताई.”

बाहेर कुणी हललं नाही. मी दार उघडलं. ती उभी होती, केस पिकायला लागलेले, मागे पदराला धरून एक मुलगी. मी हात पुढे केले. पण ताईने आधी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.